दशावतारी गंजिफा : पाने राहिली, डाव गेला

बेळगावहून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी येते. तेथील लाकडी खेळणी सर्वांच्या परिचयाची आहेत. पण तेथील चितारी कारागीर रंगवतात ती गंजिफाची गोल पाने आपल्यापैकी किती जणांनी हाताळली असतील? जपानच्या हानाफुदा खेळात बारा महिन्यांच्या फुलांची ४८ पाने असतात आणि ती आजही तेथे खेळली जातात. आपल्याकडे फुलांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आहेत. मात्र आपली पाने खेळण्याऐवजी भिंतीवर टांगली जातात.

हा खेळ मूळ इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधमधील आपल्या स्नेह्याला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे खेळाने येथील वेष घेतला. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी तर ‘छद’ नावाने त्याचे अनेक प्रकार रचले. एकात ३६० पाने होती! आमच्या कन्नड विभागाच्या मित्रांनी त्यावर अवश्य लिहावे.

आता खेळ. दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १२०. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू, याप्रमाणे. प्रत्येक रंगात राजा सर्वांत मोठा, त्याखालोखाल प्रधान, मग एक ते दहा. खरी गंमत पुढेच आहे. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाचांत नेमके उलट, म्हणजे प्रधानानंतर एक्का आणि शेवटी दश्शी.

खेळणारे तीन. पाने पिसून प्रत्येकास चाळीस वाटावीत. डाव दिवसा मांडला असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो. दिवे लागल्यावर हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो. सुरुवात करणारा राजाबरोबर एक हलके पानही टाकतो आणि इतर दोघे दोन-दोन पाने देतात. चारही बाहेरची पाने पहिल्याची.

यात सर्व रंगांवर मात करणारा असा वेगळा हुकमी रंग नाही. एखाद्या रंगात शिल्लक असलेले सर्वांत मोठे पान, तेच त्या वेळचे हुकूम. एक्का मोठा असलेल्या रंगाचे राजा व प्रधान पडून गेले, की एक्का हुकूम होतो. तो पडला की दुर्री. म्हणजे हातात मोठे पान असणे पुरेसे नाही, वरची पाने गेली की नाहीत हे ध्यानात हवे. इतर दोघे आपली निरुपयोगी पाने टाकत जातात. अखेरीस ज्याच्याकडे जास्त पाने, तो जिंकला. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना दहा खाती तोंडपाठ ठेवण्याचा असा सराव दुसरीकडे मिळणार नाही!

कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, रंगवून, लाखेची झिलई देऊन ही पाने होत. विसाव्या शतकात ही कला लोपत चालली असता सावंतवाडीच्या राजघराण्याने राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिला जीवदान दिले. पण कारागिराने रंगवायचे, आपण चौकटीत बसवायचे, एवढ्यावर खेळ जगत नाही. नियम माणसांच्या तोंडी राहतात आणि माणसांबरोबर जातात.

म्हणून सुचवावेसे वाटते की स्नेहसंमेलनात कॅरमशेजारी गंजिफाचाही एक डाव मांडावा. तिघेच जण लागतात. पाने महाग वाटल्यास पुठ्ठ्याची १२० वर्तुळे कापावीत. दशावतार काढणारे हात आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत.