गोल्टी, खाडा आणि नव्वद रुपये

पुण्यातल्या एका कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहातली मेस पोरंच चालवतात. ठेकेदार नाही, केटरर नाही. आचारी मामा, त्यांच्या हाताखाली एक जण आणि चपात्यांना दोन मावशी एवढी माणसं पगारावर. बाजार, हिशेब, वसुली आणि भांडणं पोरांकडे. वर्षाच्या सुरुवातीला सभासदांची बैठक होते, सेक्रेटरी आणि खजिनदार ठरतात, बाजाराच्या पाळ्या लागतात. सेक्रेटरी शक्यतो थर्ड इयरचा घेतात. फर्स्ट इयरच्या पोराला तेलाचा डबा किती दिवस पुरतो याचा अंदाज नसतो. चौथ्या वर्षाची पोरं पहिलं सेमिस्टर गावात राहून काढतात. ग्रामीण कृषी कार्यानुभव असं त्याचं लांबलचक नाव असलं तरी सगळे त्याला ‘रावे’च म्हणतात.

राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी अशी चार कृषी विद्यापीठं महाराष्ट्रात 1968 ते 1972 या काळात उभी राहिली. शेतकऱ्याच्या घरातली कितीतरी मुलं तेव्हापासून त्यांच्या वसतिगृहांत राहून शिकली. या मेसचे नव्वदेक सभासदही बहुतेक तसलेच. सिन्नर, पारनेर, माण, जत, बार्शी. ही पोरं माल विकणाऱ्या घरात वाढलेली. टेम्पो भरताना घरातली धांदल त्यांनी पाहिलेली असते. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आल्यावर बापाचा चेहराही पाहिलेला असतो. मेसच्या पाळीत ती पहिल्यांदा गिऱ्हाईक होतात. मला या मेसमध्ये पुन्हा पुन्हा जावंसं वाटलं ते त्यामुळे.

कोथिंबीर-मिरची जवळच्या मंडईतून येते. कांदा, बटाटा, लसूण, कोबी हा जड बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून. शनिवारी यार्ड बंद, रविवारी आवक मोठी, म्हणून पाळीवाले रविवारी पहाटेच निघतात. मी गेलो तेव्हा दोघं होते, एक सिन्नरकडचा आणि दुसरा सोलापूर जिल्ह्यातला. सिन्नरवाल्याच्या घरी कांदा साठवायची चाळ आहे. गाळ्यावर पोचल्यावर त्याने आधी भाव विचारला नाही. गोणीच्या तोंडातून हात खोल घातला, तळाचे चार कांदे वर काढले, एकाची मान दाबून पाहिली आणि एक नाकाशी धरला. मान मऊ लागली की कांदा आतून सडायला लागलेला असतो. वरच्या थरात निवडक माल आणि पोटात मऊ, ही भरणी तो ओळखून होता. कुठून ओळखून होता, हे मी विचारलं नाही. तो स्वतःच हसला.

इथे भाव दहा किलोचा बोलतात, पालेभाजीचा शेकडा जुड्यांचा. त्या दिवशी मोठा कांदा दहा किलोला दीडशे होता, गोल्टी नव्वद. गोल्टी म्हणजे निवडीत खाली पडलेला बारका कांदा. हॉटेलवाले तो घेत नाहीत, घरगुती गिऱ्हाईकही नाक मुरडतं. मेस मात्र गोल्टीच घेते. दोन गोण्या घेतल्या की सहाशे रुपये वाचतात आणि रस्सा वाटल्यावर कांदा मोठा होता की छोटा हे कोणाला कळत नाही. कळतं ते फक्त आचारी मामांना. सोलायचा वेळ दुप्पट होतो. “पैसे तुमचे वाचतात, बोटं आमची झिजतात,” असं ते दर खेपेला म्हणतात. मग संध्याकाळी चार पोरं सुऱ्या घेऊन ओट्याजवळ बसतात. बैठकीतला ठरावच आहे तसा: गोल्टी आणली तर सोलायला सभासदांनी बसायचं.

बिल झाल्यावर सोलापूरवाल्याने त्यातली आडतीची, म्हणजे आडत्याच्या कमिशनची, ओळ मला बोटाने दाखवली. फळं-भाज्यांची आडत शेतकऱ्याकडून न कापता खरेदीदाराकडून घ्यायची, असा बदल राज्यात 2016 साली झाला. त्याआधी ती पट्टीतून कापली जायची. “तेव्हा मी शाळेत होतो,” तो म्हणाला. “आडत सुटली म्हणून घरी लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आता तीच आडत मी भरतोय.” मग हमाली आणि टेम्पोचं भाडं. परतीच्या वाटेवर दोघांनी मोबाइलवर हिशेब मांडला. दहा किलोला नव्वद म्हणजे किलोला नऊ, पण वसतिगृहाच्या दारात उतरेपर्यंत तो कांदा अकराच्या घरात गेला होता. सिन्नरवाला म्हणाला, “गावात बसून वाटतं, मधले सगळे लुटतात. यातला कोणता खर्च काढून टाकायचा, ते मला इथून सांगता येत नाही.” थोडं थांबून तो पुढे म्हणाला, “पण नऊमधले माझ्या बापासारख्याच्या हातात किती पडले असतील, तेही या बिलावर नाही.”

आठ डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती गोष्ट या मेसमध्ये अजून निघते. बंदी आली तसे भाव कोसळले. इथे भाजीचा खर्च उतरला, त्या महिन्यात बिलही कमी आलं आणि त्याच महिन्यात कांदेवाल्या घरांतल्या पोरांचे पैसे उशिरा आले. तेव्हाच्या सेक्रेटरीने थकबाकीचा दंड लावायचा की नाही हे बैठकीपुढे ठेवलं. दंड लागला नाही. पण ‘बिल कमी आलंय, भरायला काय होतंय?’ असं कोणीतरी बोलून गेला आणि त्यावरून झालेलं भांडण सीनियर पोरं आजही सांगतात. पुढे मे 2024 मध्ये बंदी उठली.

मेसचं खरं दप्तर म्हणजे खाड्याची, म्हणजे न जेवलेल्या दिवसांची, वही. सलग तीन दिवस बाहेर असाल तरच खाडा धरला जातो आणि तोही आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत वहीत सही केली तर. एका वेळचा खाडा नाही, फोनवर सांगितलेला खाडा नाही. नियम कडक वाटतो, पण त्यामागचं गणित सेक्रेटरीने मला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. समजा पगार, गॅस, भाडं असा ठरलेला खर्च महिन्याला 72 हजार. तो नव्वद जण जेवले काय आणि साठ जेवले काय, बदलत नाही. ताटातल्या अन्नाचा खर्च माणशी दिवसाला 60 रुपये. महिन्यात सगळ्यांची मिळून 2,400 दिवसांची हजेरी लागली तर एकूण खर्च 2 लाख 16 हजार, म्हणजे दिवसाला 90 रुपये. दिवाळीच्या महिन्यात हजेरी 1,800 वर आली की तोच दर 100 होतो. म्हणजे जो घरी जाऊन फराळ करतो त्याचं बिल घटतं, आणि जो प्रॅक्टिकलसाठी किंवा तिकिटाला पैसे नाहीत म्हणून मागे राहतो त्याला रोजचे दहा रुपये जादा पडतात. तीन दिवसांची अट या मागे राहणाऱ्यासाठी आहे.

वहीत वर्षभराचं विद्यार्थिजीवन दिसतं. गणपतीत कोकणातल्या पोरांची नावं, कांदा-लागवडीच्या दिवसांत नाशिक-नगरकडची, परीक्षेआधीच्या पंधरवड्यात कोरी पानं. श्रावणात रविवारच्या चिकनचा आकडा एकदम पडतो, आणि त्याआधीच्या गटारीला एवढा चढतो की मामा पातेलं शेजारच्या मेसमधून मागून आणतात. शेवटच्या पानावर गेस्टचा हिशेब. खोलीत नाव नसताना राहणाऱ्याला इथे ‘पॅरासाइट’ म्हणतात. रोगशास्त्राचा पेपर लिहिणाऱ्या पोरांच्या तोंडी तो शब्द जरा जास्तच ऐटीत येतो. बहुतेक पॅरासाइट म्हणजे पास होऊन गेलेले, एमपीएससीचा अभ्यास करणारे सीनियर. त्यांच्याकडून गेस्टचा पूर्ण दर घ्यायचा असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे सेक्रेटरी कोण आहे त्यावर ठरतं.

सकाळी सातला शेतावरची प्रॅक्टिकल्स असतात, म्हणून मावशी सहाच्या आत येतात. एक मळते आणि लाटते, दुसरी भाजते. किलोभर पिठात पंचवीस-सव्वीस चपात्या, हा त्यांचा हात. माणशी चार धरल्या तर एका वेळेला चौदा किलो पीठ. लाटणारी मावशी बोलत असते, दाराकडे बघत असते, पोळपाटाकडे तिचं लक्ष नसतं. तरी कडा कुठे जाड राहत नाही. मध्येच ती विचारते, “कबड्डीवाले आज हायेत का रं?” उत्तर हो आलं की ती आणखी दोन किलो पीठ परातीत ओतते.

या दोन किलोंवर मेसमधला सगळ्यात जुना वाद आहे. अश्वमेध या राज्यपातळीवरच्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवासाठी निवड चाचण्या लागल्या की संध्याकाळी मैदानावर घाम गाळून आलेला चढाईपटू आठ-नऊ चपात्या सहज खातो. अभ्यासिकेतून उठून आलेला पोरगा तीन खातो. बिल दोघांना सारखंच. तिघं-चौघं दर वर्षी हा मुद्दा काढतात आणि दर वर्षी तोच निकाल लागतो: ताटातलं जेवण पोटभर, त्याला मोजमाप नाही, अंडी, दूध, केळी ज्याची त्याने एक्स्ट्रात लिहायची. एका बैठकीत कमी खाणाऱ्यातलाच एक जण म्हणाला, “चपात्या मोजायला लागलो तर मोजणाऱ्याचा पगार आणखी वाढेल.” यावर टाळ्या पडल्या. कबड्डीचा कॅप्टन मात्र गप्प होता. महिन्याच्या एक्स्ट्राच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा त्याचाच होता आणि घरून येणारे पैसे ठरलेलेच होते. संघाच्या आहारभत्त्यासाठी अर्ज लिहायला सेक्रेटरीनेच त्याला बसवलं.

महिनाअखेरीला हिशेब भिंतीवर लागतो. बाजारातली प्रत्येक पावती दोऱ्यात ओवून खिळ्याला लटकवलेली असते. कोणीही काढून बघावी. बघणारे पाच-सहाच असतात, पण ते रुपयासाठी अडतात.

सिन्नरवाल्याने त्या रविवारी संध्याकाळी घरी फोन लावला. उन्हाळी कांदा चाळीत होता. गिऱ्हाईक काय बघतं हे आता त्याला कळलं होतं, म्हणून तो बापाला सांगत होता, “अण्णा, गोल्टी वेगळी काढा, मोठ्यात मिसळू नका. मिसळली की सगळ्या गोणीला गोल्टीचा भाव बोलतात. मी स्वतः तसंच केलं आज.” पलीकडून अण्णांनी शांतपणे विचारलं, निवडायला किती बाया लागतील, त्यांची हजेरी काय आणि मोठ्या कांद्याला त्यामुळे किती जास्त मिळतील. पोराने फोन खांद्याशी धरला, खाड्याची वही उलटी केली आणि मागच्या पानावर आकडे मांडले. त्याच्या हिशेबाने गोणीमागे थोडे सुटत होते. अण्णांनी त्यात चाळ उघडल्यावर निघणारी सड धरायला लावली, तर काहीच सुटेना. “म्हणजे?” त्याने विचारलं. “म्हणजे भाव वर गेला तर निवडू,” अण्णा म्हणाले, “न्हाईतर तुमच्यासारख्या मेसवाल्यांनी तिथं बसून निवडावं.”