मोजणीचा दर आणि हद्दीचा पुरावा

खाजगी भूमापकाकडे येणारा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘दोन एकर आहे, मोजायचे काय घ्याल?’ कापडाचा भाव विचारावा तसाच हा प्रश्न आहे, आणि विचारणाऱ्याच्या दृष्टीने तो गैरही नाही. परंतु मोजणीचे श्रम क्षेत्राच्या प्रमाणात वाढत नाहीत. चारही कोपऱ्यांचे दगड शाबूत असलेले दहा एकर एका सकाळी मोजून होतील. दगड उपटलेले आणि तीन पिढ्या तोंडी वाटण्या झालेले वीस गुंठे आठवडाभर पुरतील. दराचा खरा आधार क्षेत्र नसून उपलब्ध पुरावा हा होय.

हा पुरावा बराच जुना आहे. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी पाहणीपद्धती रूढ केली, तिच्यात ३३ फुटांची साखळी वापरात आली. एक साखळी औरसचौरस म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा व असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शेतांच्या मोजमापांची टिपणे दप्तरात राहिली. आज हद्द काढावयाची म्हणजे टिपणातील अंतरे आणि जागेवर उरलेल्या खुणा यांचा मेळ घालावयाचा. भूमापक हद्द निर्माण करीत नाही. पूर्वी पडलेली हद्द तो शोधतो. हा भेद ध्यानी न आल्यामुळेच बहुतेक अवास्तव मागण्या उद्भवतात.

‘पूर्वेचा एकच कोपरा दाखवा, पैसेही चौथाईच घ्या’ ही मागणी पाहावी. हरवलेल्या कोपऱ्याचे स्थान त्याच्या स्वतःवरून कळत नाही. ते आसपासच्या शाबूत दगडांवरून काढावे लागते. दोन दगडांमधील अंतर टिपणाशी जुळले तर ते दगड विश्वसनीय. न जुळल्यास तिसरा आणि चौथा शोधणे आले. म्हणजे एका कोपऱ्यासाठी शेजारच्या तीनचार शेतांत फिरावे लागते, आणि शेजाऱ्याशी वाद असल्यास तो पाऊल ठेवू देईलच असे नाही. चौथाई कामाला जवळजवळ पूर्ण कामाचे श्रम पडतात, हे ग्राहकाला पटविणे मोजणीहून कठीण!

‘मोबाइलवर हद्द फुकट दिसते’ हाही अलीकडचा युक्तिवाद. १ : ५,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अडीच मीटर व्यापते. मोबाइलच्या स्थाननिश्चितीतही काही मीटरांची चूक सहज संभवते. बांधाचे तंटे मात्र अनेकदा हात-दोन हातांचे असतात.

तिसरी मागणी अधिक नाजूक : ‘सातबाऱ्यावर चाळीस आहेत, तेवढे भरवून द्या.’ कित्येकदा येथे लबाडी नसून मापांचा घोटाळा असतो. ४० आर म्हणजे ४० गुंठे नव्हेत, तर सुमारे ३९.५४ गुंठे. दोन्ही एकच समजणाऱ्यास जवळपास ५०० चौरस फूट हरवल्याचा भास होतो. तो कागदावर दूर करता येतो. परंतु तूट खरी असेल तर ती भरून देणे म्हणजे शेजाऱ्याची जमीन नकाशावर ओढणे होय. येथे नकारच द्यावा लागतो, आणि तो पैसे हाती घेण्यापूर्वी दिलेला बरा.

यास्तव जाणता भूमापक निव्वळ क्षेत्र ऐकून ठोक दर सांगत नाही. सातबारा, गटनकाशा, टिपण व फाळणी यांच्या नकला तो आधी मागतो, कागद तपासण्याचा आकार वेगळा घेतो आणि त्यानंतरच जागेवरील कामाचा अंदाज देतो. कागद पाहून ग्राहकाने माघार घेतली तर हानी दोघांचीही थोडी होते. घर बांधण्यापूर्वी जागेचा आराखडा हवा असेल तर खाजगी मोजणी पुरेशी ठरते. परंतु शेजाऱ्याशी हद्दीचा वाद चालू असल्यास ग्राहकास भूमिअभिलेख कार्यालयाची वाट दाखविणे भाग पडते, मग त्यात हातचे काम गेले तरी. आणि शेतात ऊस उभा असेल, तर दर कितीही चांगला मिळत असला तरी तोडणीपर्यंत थांबावयास सांगावे लागते. कारण उसाच्या फडातून समोरची खूण दिसतच नाही.