आठ दिवस टेम्पोत, किनाऱ्याकिनाऱ्याने



रब्बीची पेरणी आटोपली, ज्वारीची कोळपणी झाली, हरभऱ्याला एक पाणी दिले, की मार्गशीर्षात आठ-दहा दिवसांची उसंत मिळते. ही उसंत तालुक्याच्या खेपांत आणि पारावरच्या गप्पांत कधी सरते ते कळतही नाही. यंदा ती जरा वेगळ्या तऱ्हेने घालवून पाहा. जिवाभावाचा एक मित्र गाठा, घरचा टेम्पो काढा, त्यात अंथरूण-पांघरूण टाका आणि कोकणच्या किनाऱ्याने निघा. माझ्या बांधाला ज्याचा बांध आहे असा माझा मित्र आणि मी, असे दोघे जाऊन आलो. त्यातल्या उपयोगाच्या चार गोष्टी तुमच्या कानावर घालतो.

गाडी हेच बिऱ्हाड

परदेशात लोक घरासारखी सोय असलेल्या मोटारी घेऊन महिनोन्महिने फिरतात. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण आपल्याला एवढा थाट कशाला? ज्या टेम्पोतून आपण कांदा बाजारात नेतो, तोच पुरे. हौदा स्वच्छ धुऊन घ्या. खाली सतरंजी, तीवर दोन गाद्या, वर बांबूच्या कमानी आणि ताडपत्री. पाण्याचे दोन कॅन, स्टोव्ह, पातेले, तवा, तांदूळ, डाळ, पीठमीठ, बॅटरी आणि मच्छरदाणी एवढे सामान बस्स झाले. मच्छरदाणी मात्र विसरू नका. खाडीकाठचे डास पाहुणा ओळखतात!

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. मालाच्या गाडीत मागे माणसे बसवणे कायद्यात बसत नाही. तेव्हा चालत्या गाडीत दोघांनीही पुढेच बसावे, हौदा फक्त रात्रीच्या झोपेपुरता. आणि स्टोव्ह नेहमी बाहेर उघड्यावर पेटवावा. ताडपत्रीखाली धूर कोंडला तर जिवावर बेतते.

मुक्कामाला जागा विचारून घ्या. देवळाचे आवार असो की कोणाची वाडी असो, "काका, रातभर गाडी उभी केली तर चालेल का?" एवढे विचारले की कोकणी माणूस सहसा नाही म्हणत नाही. सकाळी निघताना जागा झाडून द्या, म्हणजे मागून येणाऱ्यालाही ती मिळेल.

समुद्राला दार

बोरघाट उतरून पेणवरून अलिबागकडे वळलात की गाडी थोडी थांबवा. इथून खाडीकाठची खारभूमी सुरू होते. आपण पाण्यासाठी पाच-पाचशे फूट बोअर नेतो, आणि इथला शेतकरी पाणी शेतात शिरू नये म्हणून जागतो! भाताच्या शेताला दगडमातीचा उंच बांध घातलेला असतो. बांधाच्या एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला समुद्राचे पाणी. बांधात जागोजागी झडप बसवलेली असते, तिला उघाडी म्हणतात. भरतीच्या पाण्याचा बाहेरून दाब आला की झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर पडते. पावसाने धुतलेले मीठ त्या पाण्याबरोबर निघून जाते आणि भात पिकते. उन्हाळ्यात जमीन तापली की खालचे मीठ पुन्हा वर येते. म्हणून दरवर्षी नव्याने धुणे आलेच.

उधाणाने बांधाला खांड पडली तर एका भरतीत शेत खारे होते. ते पुन्हा गोडे व्हायला काही पावसाळे जावे लागतात. दुरुस्ती लांबली तर शेतात कांदळ उगवतो. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे, ते तोडता येत नाही. म्हणजे सातबारा आपल्या नावावर आणि शेत मात्र समुद्राचे, अशी गत होते. या जमिनींसाठी १९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा झाला. तरी बांधावर नजर ठेवण्याचे काम शेवटी शेतकऱ्यालाच करावे लागते.

याच अलिबाग तालुक्यातले चरी हे गाव. खोतांच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली संप केला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. सहा वर्षे जमीन पडीक राहिली, पण माणसे वाकली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. कुळकायद्याचा लाभ ज्यांच्या घराला झाला, त्यांनी या गावात पाच मिनिटे उभे राहावेच.

खाडी थांबवील तिथे थांबा

रेवसपासून रेडीपर्यंतची किनाऱ्याची वाट सुमारे पाचशे किलोमीटरची. बॅरिस्टर अंतुले यांनी १९८० नंतरच्या काळात सागरी महामार्गाची कल्पना मांडली. काही खाड्यांवर पूल झाले, काहींवर अजून व्हायचे आहेत. तिथे गाडी बोटीत घालावी लागते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड असे चार ठिकाणी आम्ही टेम्पोसकट पाणी ओलांडले. काही गावांत या बोटीला जंगलजेटी म्हणतात. तेव्हा जंगल ऐकून झाडी शोधू नका! वळसा घालून गेले तर तासन्‌तास मोडतात, बोटीत थोडक्यात काम होते. बोट येईपर्यंत जेट्टीवर बसलेल्या माणसांशी बोलता येते, तो नफा वेगळा.

भरतीचा अंदाज घ्यायला आपली पंचांगाची तिथी पुरते. तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पुनव आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी, म्हणजे चढउतार कमी. गावागणिक थोडा फरक पडतो, म्हणून समुद्रात उतरण्यापूर्वी तिथल्या कोळ्याला विचारा. आणि पुळणीवर गाडी कधीही घालू नका. ओल्या वाळूत चाक रुतले आणि भरती लागली, तर ट्रॅक्टर येईपर्यंत गाडी पाण्यात!

वाटेवर शेतकऱ्याने पाहण्याजोगे पुष्कळ आहे. श्रीवर्धनला रोठा सुपारीच्या वाड्या पाहा. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघा, आपल्या अडत्यांची आठवण येईल. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली निघालेला रत्ना आंबा त्याचाच. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळाच्या मधल्या जागेत मसाल्याची पिके घेणारी लाखी बाग पाहा. मालवणला सिंधुदुर्गात भर समुद्रात गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत. चोहीकडे खारे पाणी, आणि मध्ये ओंजळभर गोडे. पाण्याची किंमत कळलेल्या माणसाला ते पाहून गलबलून येते.

बरोबर कोण असावे?

बरोबर मित्र असावा तो, ज्याच्याशी घरी बोलायचे राहून गेले आहे. आमचेच सांगतो. माझे शेत वरच्या अंगाला, त्याचे खालच्या. दोघांचाही ऊस. त्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली काही वर्षे जमीन पांढरी पडू लागली होती. दोन्ही शेतांतून ओढ्यापर्यंत चर काढायचा तर दोघांचीही थोडी जमीन जाणार, म्हणून विषय कोणीच काढत नव्हते. गुहागरच्या मुक्कामी भात शिजत असताना तो एकदम म्हणाला, "ही माणसं समुद्राला दार लावतात, आन्‌ आपल्याला एक चर निघंना व्हय?"

त्या रात्री भात खाली लागला, पण चर कुठून काढायचा ते ठरले. परत आल्यावर आम्ही मातीचे नमुने तपासायला दिले आणि बांधाच्या कडेने चर खणला. जमीन सुधारायला वेळ लागेल, पण पहिल्या पावसाचे साचलेले पाणी त्यातून वाहून गेले, ते दोघांनी छत्री धरून पाहिले.

बंधूंनो, ऊसपट्ट्यात पाणी देणे आपण शिकलो, पाणी काढून देणे शिकायचे राहिले. कोकणचा शेतकरी मीठ शेताबाहेर घालवण्यासाठी झटतो, आणि आपण पाटाला वारेमाप पाणी सोडून मीठ वर बोलावतो. एवढे जरी तुम्ही किनाऱ्यावरून शिकून आलात, तरी डिझेलचा खर्च वसूल झाला.

निघण्यापूर्वी खर्चाची वही एकच ठेवा आणि रोज रात्री हिशेब मिटवा, म्हणजे मैत्रीत खडा पडत नाही. मागे धारा कोण काढणार, मोटर कोण चालू करणार, हे घरधनिणीच्या विचारानेच ठरवा, कारण त्या आठ दिवसांचा भार तिच्यावर पडतो. आणि येताना तिला नुसता नारळ आणून भागायचे नाही. पुढच्या मार्गशीर्षात समुद्र पाहायची पाळी तिची, आणि घरी राहून धारा काढायची पाळी तुमची!