वॉर्डातला आरडाओरडा आणि टोचलेली सुई

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरच्या बलात्कार-खून प्रकरणात जानेवारी 2025 मध्ये आरोपीला जन्मठेप झाली आणि रुग्णालयातल्या सुरक्षेची चर्चा पुन्हा सीसीटीव्ही, सुरक्षारक्षक आणि प्रवेशपासवर येऊन थांबली. त्यांची गरज आहेच. मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी केलेली मारहाण कोणी विसरलेले नाही. अशा हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण राउंडला दहा जणांसमोर सिस्टरचा पाणउतारा होतो, तो रोखणारा रक्षक कोणत्याही दारावर उभा नसतो. आणि त्या पाणउताऱ्यानेही माणसे जखमी होतात.

इस्रायलमधले डॉ. अरिये रिस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक अधिष्ठात्याने वाचावा असा आहे. नवजात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-परिचारिकांची 24 पथके त्यांनी घेतली. समोर मुदतीपूर्वी जन्मलेले बाळ, म्हणजे सरावासाठीचा पुतळा. त्याची प्रकृती झपाट्याने ढासळते आहे. अमेरिकेतले एक तज्ज्ञ हे काम पाहत आहेत, असे पथकांना सांगितलेले. काही पथकांना या तज्ज्ञाने आधीच ऐकवले की, इथल्या वैद्यकसेवेचा दर्जा काही खास नाही. थोड्या वेळाने पुन्हा सुनावले : माझ्या विभागात तुम्ही आठवडाभरही टिकला नसता. शिवी नाही, आरडाओरडा नाही. तरीही या पथकांचे निदान चुकू लागले, हातातले कामही बिघडले. ती एकमेकांना माहिती देईनाशी झाली, मदत मागेनाशी झाली. इतर पथकांसारखेच कौशल्य, तेच काम. दोन वाक्यांनी एवढा फरक पडला.

बॉस्टनच्या संशोधक एरिका सबाथ यांनी कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या दुखापतींकडे पाहिले. तिथल्या दोन मोठ्या रुग्णालयांतल्या पाहणीत, ज्यांच्यावर कामाच्या जागी ओरडले जाते त्यांच्यात दुखापतीचे प्रमाण जास्त आढळले. ज्या विभागात असे वागणे सर्रास चालते, तिथे ज्याला कोणी बोलले नाही तोही धोक्यात असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. ओरडण्यामुळेच दुखापत झाली, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. पण आपल्याकडच्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात काम केलेल्याला या दोन्हींचा संबंध पटवून द्यावा लागणार नाही.

रात्रपाळी आहे, खाटांपेक्षा रुग्ण जास्त, जमिनीवर गाद्या. आत्ताच झापून घेतलेली सिस्टर इंजेक्शन देते आणि घाईत सुईला परत टोपण लावायला जाते. सुईला टोपण लावायचे नसते, हे तिला पाठ असते. सुई बोटात जाते. किंवा अंगाने जड रुग्णाला कुशीवर वळवायचे असते. दुसऱ्या सिस्टरला हाक मारली तर पुन्हा बोलणी बसतील, म्हणून ती एकटीच वळवते आणि कंबर धरते.

राग वरून खाली येतो. वरिष्ठ डॉक्टर निवासी डॉक्टरवर, तो सिस्टरवर, सिस्टर मावशी-मामांवर. सुईही त्याच वाटेने खाली येते. सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात जायला हव्यात. त्या पिवळ्या पिशवीत पडल्या की पिशवी उचलणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराच्या पोटरीत घुसतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार त्यालाही हिपॅटायटिस बीची लस मिळायला हवी. ती न घेतलेल्याला बाधित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता 6 ते 30 टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती 0.3 टक्क्यांच्या आसपास आहे.

मला सर्वात जास्त अस्वस्थ करते ते यानंतरचे मौन. सुई टोचल्याचे सांगायला गेले की पहिला प्रश्न येतो, "बघून काम करता येत नाही का?" मग पुढच्या वेळी कोणी सांगतच नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषध मात्र शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, पुढे 28 दिवस घ्यावे लागते. ज्या वॉर्डात बोलायची भीती वाटते, तिथे हे तास वाया जातात.

निवासी डॉक्टरांच्या सलग ड्यूटीला 12 तासांची मर्यादा केंद्राने 1992 मध्येच घातली होती. 36 तास जागलेला माणूस तिरसटपणे बोलणार आणि त्याचा हातही चुकणार; तेव्हा ती मर्यादा पाळायला लावणे हे प्रशासनाचे पहिले काम आहे. दुसरे काम बिनपैशाचे आहे : सुई टोचल्याची नोंद करायला आलेल्याला त्या दिवशी एक शब्दही बोलायचा नाही, अशी सक्त ताकीद.

आणि वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाला विनंती : सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढत बसू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, रुग्णाचे नाव लिहून घ्या आणि कोणी कितीही ओरडो, लगेच कॅज्युअल्टी गाठा.