अडेलतट्टूची पाठ

हट्टी, हेकट माणसाला आपण ‘अडेलतट्टू’ म्हणतो. शब्द उच्चारला की चालता चालता मधेच थबकलेलं, चाबूक खाऊनही पाऊल न उचलणारं तट्टू डोळ्यांपुढं उभं राहतं. शब्द मोठा झोकदार आहे, पण तो केला स्वारानं. तट्टाचं म्हणणं त्यात आलेलं नाही.

मी शब्दांत रमणारा माणूस, घोड्यांचा डॉक्टर नव्हे. पण माझं आजोळ मिरजेतलं, टांगेवाल्यांचं. तोबरा, चंदी, खरारा, तंग, रिकीब हे शब्द मी शब्दकोशात शोधायच्या आधी तबेल्यात ऐकले. त्यामुळं घोड्याच्या दुखण्याविषयी कुणी जाणतं माणूस बोलू लागलं की माझे कान टवकारतात. पशुवैद्यांकडून जे ऐकलं आणि पुढं वाचलं, त्यातली मुख्य गोष्ट अशी की अडणारं, लाथ झाडणारं, तंग आवळताना चावायला धावणारं तट्टू पुष्कळदा हट्टी नसतंच. त्याची पाठ किंवा मान दुखत असते.

घोडा दुखणं लपवतो. कळपात राहणारं, वाघ-लांडग्यांचं भक्ष्य असलेलं हे जनावर. लंगडणारा आधी मारला जातो, हे त्याच्या रक्तात मुरलेलं. कुत्र्यासारखं ते केकाटत नाही, म्हशीसारखं हंबरत नाही. मग ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून. २०१४ साली युरोपातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरच्या वेदनेची मोजपट्टीच तयार केली. ताठ होऊन मागं वळलेले कान, आवळलेली पापणी, डोळ्यावरचा ताण, घट्ट झालेला जबडा, ताणलेले ओठ आणि नाकपुड्या अशा सहा खुणा. पुढं २०१८ साली स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या चोवीस खुणांची यादी केली. सारखं शेपूट झाडणं, तोंड उघडं ठेवणं, मान झटकणं, अडखळणं आणि अर्थातच अडणं. यांतल्या आठ किंवा अधिक दिसल्या, तर घोड्याला हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याचा संभव मोठा, असं त्यांचं म्हणणं. आपला अडेलतट्टू त्या यादीत आहे, तोही दुखणेकरी म्हणून.

आता जरा त्या पाठीकडं पाहू. घोड्याच्या मानेत मणके सातच, माणसाइतकेच. पुढं छातीचे अठरा आणि कमरेचे बहुधा सहा. या कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत एक लांबच लांब स्नायू जातो. खोगीर बसतं ते नेमकं याच्यावर. दुसरी एक गंमत म्हणजे, आपल्या गळ्याखाली चाचपलं तर जे आडवं हाड हाताला लागतं, ते घोड्याला नसतंच. त्याचे पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेले नाहीत. सारं धड त्या दोन पायांच्या मधे स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. शरीराचं निम्म्याहून अधिक वजन पुढच्या पायांवर, आणि ती झोळी पेलायची छाती-खांद्याच्या स्नायूंनी. वर माणूस बसवला की हे सगळं किती ताणलं जात असेल, याचा अंदाज यावा.

म्हणून उपचाराची पहिली पायरी औषध नाही, शोध आहे. खोगिरापासूनच सुरुवात करावी. मराठीत निरुपयोगी भरताडाला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. पण घोड्याच्या बाबतीत खोगिरात काय भरलंय आणि ते कसं बसलंय, यावर त्याचं सुखदुःख ठरतं. खोगीर कण्यावर टेकता कामा नये. दोन्ही बाजूंच्या गाद्यांवर भार यावा आणि मधून उजेड दिसावा. फेरी झाल्यावर खोगीर काढून घाम पाहा. दोन्हीकडं सारखा ओलावा असेल तर ठीक. ओल्या पाठीवर मधेच कोरडा ठिपका राहिला असेल, तर तिथं दाब तरी जास्त पडतो आहे किंवा खोगीर टेकतच नाही. काळ्या-तांबड्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे चट्टे दिसले, तर पूर्वी तिथं खोगीर बोचलं होतं असं समजावं. ती त्या जनावराची लिहून ठेवलेली तक्रारच.

मग वजन. घोड्याच्या वजनाच्या साधारण एक पंचमांशापर्यंत ओझं ठीक, असा ठोकताळा आहे. अमेरिकेत ओहायो इथं २००८ साली आठ घोड्यांवर वेगवेगळी वजनं देऊन पाहणी झाली. पाव हिश्श्यापासून पुढं स्नायू दुखावल्याच्या खुणा स्पष्ट होऊ लागल्या. तीनशे किलोचं तट्टू धरलं तर एक पंचमांश म्हणजे साठ किलो, आणि त्यात खोगिराचे आठ-दहा किलो आलेच. माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरून घोडा ठरवताना आपण भाव करतो. आपलं वजन किती आणि समोरचं जनावर केवढं, हा हिशेब कुणी करताना मला दिसलेला नाही. नव्वद किलोच्या गृहस्थांनी सरळ मोठा घोडा मागावा, नाहीतर पायी जावं. माथेरानची झाडी पायी पाहण्यासारखीच आहे.

टांग्याचा न्याय वेगळा. दोन चाकांच्या गाडीत भार पुढं झुकला की तो दांड्यांवाटे घोड्याच्या पाठीवर येतो. मागं गेला की गाडी उलाळ होते आणि पोटाखालचा पट्टा काचतो. माझे मामू सवाऱ्या भरल्या की, “भाभी, तुम्ही पुढं या, काका, तुम्ही मागं सरका,” असं करत बसत. लोक वैतागत. मामू दांडा दोन बोटांनी उचलून बघत, तो हलका लागला की मगच गाडी हाकत.

पाठ दुखते त्याचं मूळ कधी कधी पाठीत नसतंच. खूर वाढलेला, नाल एका बाजूला झिजलेली, म्हणून घोडा पाऊल वाकडं टाकतो आणि पाठ आखडते. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवायलाच हवं. मानेचं तसंच दातांशी नातं. घोड्याचे दात आयुष्याचा मोठा काळ वर येत राहतात आणि चावून झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळं दाढांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. गाल सोलला गेला की लगाम ओढताना जनावर मान झटकतं, मान एका अंगाला धरून चालतं. पशुवैद्यानं कानशीनं त्या कडा घासल्या की मानेचं ‘दुखणं’ जातं, अशी उदाहरणं आहेत.

घरच्या घरी तपासायचं तर घोडा शांत उभा करून बोटं सपाट ठेवावीत आणि मानेच्या मुळापासून पुठ्ठ्यापर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, सावकाश दाबत जावं. नखं टोचली तर चांगला घोडाही पाठ खाली घालतो, म्हणून बोटं सपाट. एका जागी तो पाठ चोरत असेल, स्नायू फळीसारखा टणक लागत असेल, तर जागा सापडली.

नव्या दुखापतीवर पहिले एक-दोन दिवस गार पाणी, वीस-वीस मिनिटं. जुन्या आखडलेपणावर शेक. फडकं आधी आपल्या मनगटाला लावून पाहावं. काम बंद, पण तबेल्यात बांधून ठेवू नये. हाती धरून सपाट जमिनीवर हळूहळू चालवावं, म्हणजे स्नायूंत रक्त खेळतं. (एका दुखण्याला हे लागू नाही, ते पुढं येईल.) मालिश जरूर करावं, सूज उतरल्यावर. तेल कुठलं याला फारसा अर्थ नाही, गुण हाताचा. टर्पेंटाइन चोळून वर खोगीर घालणं मात्र कातडी सोलण्याचा धंदा. आणि डाग देणं, म्हणजे तापल्या सळईनं चटके देणं, याला मी उपचार म्हणायला तयार नाही. नव्या वेदनेपुढं जुनी चार दिवस झाकली जाते, इतकंच.

गाजर दाखवून घोड्याला मान वळवायला लावणं, कधी छातीकडं, कधी बरगडीकडं, कधी पुढच्या पायांच्या मधे खाली, हा व्यायाम पोरखेळ वाटतो. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिने आठवड्यातून पाच दिवस हा व्यायाम दिल्यावर कण्याला धरून असलेले खोलवरचे स्नायू भरल्याचं दिसलं. वैरणही उंच टांगू नये. जमिनीवरून खाताना मान खाली जाते आणि पाठ सैल होते. चरणारं जनावर ते, त्याची घडणच तशी.

वेदनाशामक गोळ्या पशुवैद्याच्या सांगण्याशिवाय नकोतच. घोड्याला उलटी होत नाही, चुकीचं औषध पोटात गेलं की परत येत नाही. अशा गोळ्यांनी त्याच्या जठरात व्रण होतात, पाणी कमी प्यायलेल्या घोड्याचे मूत्रपिंड दुखावतात. शिवाय डायक्लोफिनॅकची जनावरांसाठीची औषधं आपल्याकडं २००६ सालीच बंद झाली, कारण मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली. किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही २०२३ साली तशी बंदी आली. माणसाच्या दुकानातून आणलेली गोळी पिठात घालून चारणारे अजून आहेत, म्हणून हे बोललो.

आता ते अपवादाचं दुखणं. पूर्वी युरोपात ओझी ओढणाऱ्या घोड्यांमुळं त्याला ‘सोमवारचा रोग’ म्हणत. रविवारी काम नाही, पण चंदी मात्र भरपूर. सोमवारी जुंपला की थोड्याच वेळात मागचे पाय ताठ, घामाच्या धारा, पुठ्ठे दगडासारखे आणि लघवी काळ्या कॉफीच्या रंगाची. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जात असतं. इथं घोडा एक पाऊलही चालवायचा नाही. आहे तिथं उभा करा, पाणी ठेवा, डॉक्टरांना बोलवा. आणि सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करून वैरण वाढवा, म्हणजे ही वेळ येण्याचा धोका घटतो.

कधी कधी मणक्यांची वर आलेली टोकं एकमेकांना घासतात, नेमकी खोगिराखाली. ते हाताला कळत नाही, क्ष-किरण चित्र काढावं लागतं. अशी सोय सारंगखेड्याच्या बाजारातून हौसेनं घोडा आणणाऱ्याला परवडेल, रोजच्या फेऱ्यांवर चूल पेटणाऱ्याला नाही. त्याची खरी अडचण विश्रांतीची आहे. तीन आठवडे घोडा उभा, म्हणजे तीन आठवडे घरात पैसा नाही, आणि दाणा-वैरण चालूच. म्हणून ऐन हंगामात दुखरी पाठ तशीच तंगाखाली आवळली जाते. मालकाला निर्दय म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याच्याकडं दुसरा घोडा असता तर त्यानं तो काढला असता. खोगिराची गादी उसवून नीट भरून घेणं, नाल वेळेवर बदलणं, फेरी संपल्यावर दहा मिनिटं मोकळं चालवणं यांचा खर्च त्या तीन आठवड्यांच्या मानानं फार थोडा आहे. दुखणं बरं झाल्यावरही लगेच सवारी नको. पहिला आठवडा नुसतं हाती धरून चालवायचं, मग रिकामं खोगीर घालून, मग एखादं हलकं पोर बसवून सपाटीवर, आणि चढाची फेरी सगळ्यांत शेवटी.