आयसिसची उपासना : गलबतातून आलेली देवी

इजिप्तची आयसिस ही देवी क्लिओपात्राबरोबर, अथवा इ. स. पूर्व ३० मध्ये इजिप्तवर रोमचा अंमल बसल्यावर युरोपात गेली आणि तिचे भक्त आपले जुने देव टाकून तिच्या भजनी लागले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. शिलालेखांची साक्ष निराळी आहे. अथेन्सच्या पिरेअस बंदरात सायप्रसच्या व्यापाऱ्यांना ॲफ्रोडायटीचे मंदिर बांधण्याची परवानगी इ. स. पूर्व ३३३ च्या सुमारास मिळाली, तेव्हा इजिप्शियन लोकांनी तेथे आधीच उभारलेल्या आयसिसच्या मंदिराचा दाखला देण्यात आला. म्हणजे ही देवी सैन्यामागून नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या गलबतांतून पसरली. ग्रीकांनी देवैक्याच्या (परक्या देवतेत आपलीच देवता पाहण्याच्या) रीतीने तिला डिमीटर मानले. देव्हाऱ्यात नवा टाक बसविताना जुने टाक कोणी विसर्जित करीत नाही, तसेच हे.

रोमच्या सत्ताधाऱ्यांना मात्र ती खटके. सिनेटने मंदिर पाडण्याचा हुकूम काढला, पण मजूर हात लावण्यास धजेनात, तेव्हा कॉन्सल (वर्षापुरता निवडलेला सर्वोच्च अधिकारी) एमिलियस पॉलस याने आपला अधिकाराचा झगा उतरवून स्वतःच दारावर कुऱ्हाड घातली, असे व्हॅलेरियस मॅक्सिमस नमूद करतो. लोकांचा ओढा तरीही आटला नाही. पाँपेईत भूकंपाने कोसळलेले आयसिसचे मंदिर सेल्सिनस नावाच्या मुलाच्या नावे पायापासून पुन्हा उभे राहिले, आणि नगरसभेने त्याला विनाशुल्क सभासद करून घेतले. सभासद महाशयांचे वय शिलालेखात दिले आहे : ६ वर्षे. बापाने देवीवर केलेला खर्च वाया गेला नाही म्हणायचा!