चावीवाला नको, क्लिक पुरे!

वीज-गॅसचं बिल थकलं म्हणून दारात चावीवाला? ब्रिटनमध्ये हे खरंच घडतं. कंपनी कोर्टातून वॉरंट आणते, चावीवाला कुलूप उघडतो आणि घरात प्रीपेड मीटर बसतं. मोबाइलसारखं आधी रिचार्ज, मग लाइट! पण स्मार्ट मीटर असेल, तर ते ऑफिसात बसूनच प्रीपेडवर टाकता येतं. चावीवाल्याचं एक काम गेलं.

बरंच झालं? थांबा. अडचणीतल्या लोकांच्या घरात असं घुसल्याची बातमी फुटली, तेव्हा बोंब उठली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ही सक्ती थांबली. पुढे कडक नियमांसह परतली. दार उघडलं की शेजाऱ्यांनाही कळतं. क्लिक कोणाला ऐकू येणार?

तिकडे शिकायला जाताय? रूम घेताना मीटर कुठलं, आधी विचारा.